वाम्बोवरून स्वतःच्या पैशाने एआरव्ही खरेदी: भाव झकास, आगाऊ रकमेचा जाच

देणगीदाराच्या पैशावर चालणारा एचआयव्ही कार्यक्रम सरकारी तिजोरीवर आणायचा म्हटलं की पहिला प्रश्न एआरव्हीचा, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्यांचा येतो. आजवर ग्लोबल फंड (एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठी देशांना अनुदान देणारा आंतरराष्ट्रीय निधी) किंवा अमेरिकेचा पेपफार हा एड्स-मदत कार्यक्रम माल पाठवायचा, आरोग्य खातं उतरवून घ्यायचं. आता खरेदीही खात्यानेच करायची. वाटा साधारण तीन: स्वतःचं टेंडर काढणं, युनिसेफसारख्या संस्थेमार्फत घेणं, किंवा ग्लोबल फंडाच्याच वाम्बो डॉट ऑर्ग या ऑनलाइन खरेदी सेवेकडे स्वतःचा निधी घेऊन जाणं. हा आढावा तिसऱ्या वाटेचा.

वाम्बो २०१६ मध्ये सुरू झालं. मुळात ते फंडाचं अनुदान मिळणाऱ्यांसाठी होतं. २०१७ पासून प्रायोगिक तत्त्वावर देशांच्या स्वतःच्या निधीतल्या मागण्याही घेतल्या जाऊ लागल्या. पद्धत सरळ आहे. कॅटलॉगमधून वस्तू निवडून मागणीपत्र टाकायचं, माल, वाहतूक, विमा आणि खरेदी एजंटचं शुल्क धरून कोटेशन येतं, ते मंजूर केलं की एजंट पुरवठादाराकडे ऑर्डर नोंदवतो.

भावाबद्दल तक्रारीला जागा नाही. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी, म्हणजे टीएलडी, २०१७ च्या करारात एका रुग्णाला वर्षाकाठी ७५ डॉलरच्या आसपास ठरली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्लोबल फंडाने ती ४५ डॉलरच्या खाली आणली. दिवसाला जेमतेम १२ सेंट. चार-पाच हजार रुग्णांच्या देशाने एकट्याने टेंडर काढलं तर हा भाव मिळणं अवघड, कारण एवढ्याशा ऑर्डरसाठी स्वतंत्र बॅच काढायला कारखाना राजी नसतो. इथे अनेक देशांची मागणी एकत्र करून दीर्घ मुदतीचे करार केलेले असतात, त्याचा हा फायदा. मालही डब्ल्यूएचओची, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची, पूर्वपात्रता (दर्जा तपासून दिलेली पसंती) किंवा कडक नियामकाची मान्यता असलेलाच मिळतो. सर्वांत कमी बोलीलाच काम द्यायचं असा कायदा जिथे आहे, तिथे ही चाळणी आयती मिळणं ही मोठीच सोय. मात्र जाहीर होणारा भाव नुसत्या गोळ्यांचा असतो. अर्थसंकल्पात तोच आकडा टाकून मोकळं होणारे लोक कोटेशन आलं की तोंडघशी पडतात.

आता खरी अडचण. मागणी देशाच्या स्वतःच्या पैशातली असेल तर रक्कम आगाऊ भरावी लागते. अनुदानातल्या मागणीला हा प्रश्नच नसतो, पैसा फंडाकडेच असतो. सरकारी वित्त नियम बहुतेक ठिकाणी याच्या बरोबर उलट: आधी माल, मग तपासणी, मग बिल. आगाऊ रकमेची फाइल लेखा विभागात गेली की शेरा मारून परत येते. यावर तोडगा आहे, पण तो मागणीपत्राच्या वेळी शोधून भागत नाही. वित्त विभागाकडून या खरेदीपुरती नियमातून सूट आधीच घ्यावी लागते, आणि ती एका ऑर्डरपुरती न घेता काही वर्षांसाठी घ्यावी. नाहीतर दर वर्षी तीच फाइल त्याच टेबलांवरून फिरते. लॅटिन अमेरिकेतल्या देशांना यात थोडा दिलासा आहे. पाहो या अमेरिका खंडांतल्या देशांच्या आरोग्य संघटनेचा स्ट्रॅटेजिक फंड २००० पासून अशीच सामूहिक खरेदी करतो आणि सदस्य देशांना अल्पमुदतीची उधारीही देतो. ग्लोबल फंडाच्या सेवेत ही सवलत सर्रास मिळाली, तर निम्मी डोकेदुखी संपेल.

आगाऊ रकमेला चिकटूनच विनिमय दराचं दुखणं येतं. कोटेशन डॉलरमध्ये आणि मुदतीचं, तरतूद देशी चलनात. मंजुरीला दोन-तीन महिने लागले आणि तेवढ्यात चलन घसरलं की भरलेली रक्कम अपुरी पडते. फरकासाठी पुरवणी मागणी, तोवर कोटेशनची मुदत संपलेली, पुन्हा पहिल्यापासून. तरतूद करतानाच १० ते १५ टक्के जादा धरावेत. आर्थिक वर्ष संपताना न खर्चलेला निधी व्यपगत होण्याची, म्हणजे हातचा जाण्याची भीतीही असतेच, म्हणून पैसे भरण्याची पायरी वर्षाच्या पहिल्या तिमाहीत उरकावी.

बंदराची गोष्ट तर कुणाच्या लक्षातच नसते. देणगीचा माल सीमाशुल्क आणि करातून सुटायचा, कारण तशी तरतूद अनुदानाच्या करारात असायची. देशाने स्वतः विकत घेतलेल्या मालाला ती माफी आपोआप लागू होत नाही. औषध नोंदणीचंही तसंच: देणगीची औषधं विशेष परवान्यावर येत, आता राष्ट्रीय नियामकाकडे त्या उत्पादकाची नोंदणी हवी. कंटेनर बंदरावर येऊन थांबतो, विलंबशुल्क चढतं, आणि बाटलीवरची मुदत सरत राहते. वाम्बो माल पोहोचवण्याची व्यवस्था करतं. कस्टम्समधून सोडवणं खरेदीदाराचं काम. मागणीपत्रात पोहोचतेवेळी किमान किती मुदत शिल्लक हवी ते लिहावंच.

मागणीचा हिशेबही पूर्वी बहुधा देणगीदाराचे सल्लागार करून द्यायचे. ते गेले की पहिली चूक बाटलीत होते. टीएलडीची ९० गोळ्यांची बाटली तीन महिन्यांची, म्हणून रुग्णामागे वर्षाला चार बाटल्या धरतात. चार बाटल्या म्हणजे ३६० दिवस. १०,००० रुग्णांच्या कार्यक्रमात पाच-पाच दिवसांची तूट ५०,००० गोळ्यांवर जाते, म्हणजे ५५६ बाटल्या, आणि ती बरोबर वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात दिसते. नवे रुग्ण आणि राखीव साठा त्यावर वेगळा.

दुसरी चूक जास्त गंभीर. क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन सुरू असलेल्या रुग्णाला टीएलडी तर लागतेच, शिवाय ती घेतल्यावर बारा तासांनी डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी लागते, आणि रिफॅम्पिसिन थांबल्यावरही दोन आठवडे ती चालू ठेवायची असते. ही सुटी गोळी एकूण खरेदीत किरकोळ दिसते म्हणून काटछाटीत पहिली उडते. लहान मुलांच्या औषधाची गतही तीच. ॲबाकाव्हिर ६०, डोल्युटेग्राव्हिर ५ आणि लॅमिव्ह्युडिन ३० मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी वजनानुसार द्यायची असते: ६ ते १० किलोच्या आतल्या मुलाला ३, १० ते १४ च्या आत ४, २० ते २५ च्या आत ६. वजनगटांची आकडेवारी नसेल तर नुसत्या मुलांच्या संख्येवरून केलेली मागणी अंदाजपंचे ठरते. अशा लहान ऑर्डर इतर देशांच्या मागणीत मिसळता येणं हेच या सेवेचं मोठं बळ, कारण स्वतःच्या टेंडरला इथे बोलीच येत नाही.

सेवेची मर्यादाही सांगायला हवी. गोळ्या मिळतात, पण त्या रुग्णापर्यंत नेणारी माणसं कॅटलॉगमध्ये नाहीत. रोमानियात ग्लोबल फंडाचं एचआयव्ही अनुदान २०१० मध्ये संपलं. उपचार सरकारने चालू ठेवले, सुया बदलून देण्यासारखी कामं आटली, आणि पुढच्याच वर्षांत इंजेक्शनद्वारे नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीची साथ उसळली. अशी कामं चालू ठेवायची तर ती करणाऱ्या संस्थांना सरकारी पैसा देता येईल असा कायदा लागतो, तो कुठल्याच संकेतस्थळावर मिळत नाही.

घ्यावी का? रुग्णसंख्या काही हजारांत किंवा लाखभरापर्यंत असेल तर बेलाशक. दक्षिण आफ्रिकेएवढा पसारा असेल तर स्वतःचं टेंडरच परवडतं. देशी किंवा शेजारच्या कारखान्याला उभं करायचं धोरण असेल तर ही वाट पूर्वी आडवी यायची. आता चित्र थोडं बदललंय, केनियात बनलेली टीएलडी २०२५ मध्ये ग्लोबल फंडाने मोझांबिकसाठी घेतली. घाईत असणाऱ्यांनी मात्र इकडे वळू नये. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवल्यावर नायजेरियाच्या मंत्रिमंडळाने फेब्रुवारीत १,५०,००० उपचार-पाकिटांसाठी ४.८ अब्ज नायरा मंजूर केले, तेही चार महिन्यांच्या गरजेपुरते. वाम्बोवर मागणीपत्रापासून गोदामापर्यंत कित्येक महिने जातात.

म्हणून पहिली ऑर्डर अनुदानाचं शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आत टाकावी, आणि छोटी टाकावी: फक्त टीएलडी, एकच खेप. आगाऊ रक्कम, नोंदणी, करमाफी, जे काही अडायचं ते त्या खेपेत अडू द्यावं. गोदामात तोवर देणगीदाराच्या बाटल्या असतात.