रीडबाउल: पानं नव्हे, मिनिटं मोजणारी वाचनस्पर्धा

अमेरिकन फुटबॉलचा मोसम सुपर बाउल या रविवारी होणाऱ्या अंतिम सामन्याने संपतो. त्या रविवारपर्यंतचे चार आठवडे शाळकरी मुलांसाठी रीडबाउल नावाची वाचनस्पर्धा चालते. ती भरवणारी शेअर द मॅजिक फाउंडेशन ही संस्था माल्कम मिचेलची. फेब्रुवारी २०१७च्या सुपर बाउलमध्ये त्याचा न्यू इंग्लंड पेट्रिअट्स हा संघ २८-३ असा मागे पडूनही ३४-२८ने जिंकला, त्या सामन्यात सहा झेल घेऊन ७० यार्ड मिळवणारा हा खेळाडू. जॉर्जिया विद्यापीठात तो खेळाच्या जोरावर पोचला, पण तेव्हा त्याचं वाचन जेमतेम शाळकरी पातळीचं होतं, हे त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितलं आहे. कॉलेजात असतानाच तो महिलांच्या एका बुक क्लबमध्ये जाऊ लागला. २०१५ साली त्याने लहान मुलांसाठी एक पुस्तक स्वतःच छापलं. पुढे ते स्कॉलॅस्टिक या प्रकाशनसंस्थेने काढलं.

स्पर्धेची मांडणी पाहिली की ती आखणारा माणूस अडखळत वाचणाऱ्यांच्या बाकावरून उठून आलाय हे लगेच कळतं. शिक्षक हा कोच, वर्ग हा संघ. मुलांनी आठवड्यात जितकी मिनिटं वाचलं त्यांची बेरीज कोचने संकेतस्थळावर भरायची. क्रमवारी ठरते ती दर मुलामागच्या सरासरी मिनिटांवर. नावनोंदणीला पैसे पडत नाहीत आणि बालवाडीपासून आठवीपर्यंतच्या मुलांना भाग घेता येतो.

मिनिटं मोजणं हाच या स्पर्धेचा गाभा, आणि आमच्या मते तिचं सगळ्यात मोठं यश. आपल्याकडच्या बहुतेक उपक्रमांत पुस्तकं मोजतात. मग जाड पुस्तक कुणी उचलत नाही, मुलं बत्तीस पानी चित्रपुस्तकांची चळत लावतात, आणि जोडाक्षराशी थबकणारं पोर पहिल्याच आठवड्यात मागे पडतं. इथे त्या पोराची वीस मिनिटं आणि वर्गातल्या हुशार मुलीची वीस मिनिटं सारखीच. सरासरीमुळे आणखी एक गोष्ट साधते. एकट्यादुकट्या पुस्तकी किड्याच्या जिवावर संघ वर जात नाही, मागच्या बाकावरच्यांना सोबत घ्यावंच लागतं.

हिशोब सोपा आहे. शाळेत रोज २० मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस म्हणजे १००. घरी रोज १५, सात दिवस म्हणजे १०५. आठवड्याला २०५, चार आठवड्यांत ८२० मिनिटं. एवढं नियमित झालं तर उत्तमच म्हणायचं. त्याहून मोठं लक्ष्य ठेवलं की आकडे फुगतात.

गडबड होते ती नोंदींत, कारण घरची मिनिटं बघायला कोच घरी नसतो. मुलाच्या नोंदवहीत शनिवार-रविवारच्या रकान्यात ६०, ६०, ६० असे सरसकट गोल आकडे आणि खाली एकाच पेनाने, एकाच वळणाच्या पालकांच्या चार सह्या दिसल्या, की रविवारी रात्री बसून वही पुरी केली हे समजावं. यावर उपाय म्हणजे फक्त 'मिनिटं' असा रकाना ठेवू नये. तारीख, सुरुवातीची वेळ, थांबल्याची वेळ आणि थांबलो ते पान, असे चार रकाने आखावेत. पान लिहायचं म्हटलं की पुस्तक हातात घ्यावंच लागतं. सोमवारी दोघातिघांना त्या पानावर काय चाललंय एवढंच विचारावं. ओरडू नये, उलटतपासणीही नको.

दुसरी चूक भागाकाराची. ३२ मुलांच्या वर्गात प्रत्येकाची १४० मिनिटं झाली, पण पाच वह्या घरीच राहिल्या, तर बेरीज ४,४८० ऐवजी ३,७८० येते आणि सरासरी १४० वरून ११८ वर घसरते. मग २७ने भागायचा मोह होतो. तो टाळावा, कारण तसं केलं तर न वाचणारी मुलं हळूच पटावरून गळतात. वह्या शुक्रवारीच एकदा बघून घ्याव्यात.

महाराष्ट्रातल्या शाळांसाठी खरी अडचण वेळापत्रकाची. अलीकडे सुपर बाउल फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी असतो, म्हणजे हे चार आठवडे संक्रांत, प्रजासत्ताक दिनाची तयारी आणि स्नेहसंमेलनं यांच्यात सापडतात. शिवाय टचडाउन म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या मुलांना त्या सामन्याचं वेड कसं लागणार? अशा शाळांनी पद्धत तेवढी उचलावी आणि १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला संपतील असे चार आठवडे धरावेत. त्यात सहामाही परीक्षा आली तर ते मागेपुढे करावेत. कोच म्हणून गावातला कबड्डी किंवा खो-खोचा एखादा नावाजलेला खेळाडू मिळाला तर फारच छान. पण त्याने भाषण न करता दहा मिनिटं मुलांसमोर बसून वाचावं. अमेरिकेतल्या मराठी शाळा आठवड्यातून एकदाच भरतात, तेव्हा तिथे वहीची सगळी भिस्त पालकांवर.

पुस्तकांचा साठा नसेल तर मात्र यात पडू नये. ही स्पर्धा वाचायला वेळ काढून देते, पुस्तकं तुमची तुम्ही जमवायची. वर्गात मुलामागे निदान तीन पुस्तकं हवीत, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात अदलाबदल खुंटते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या मिळतात. त्या मोफत उतरवून छापता येतात. पहिली-दुसरीला पहिल्या पातळीपासून सुरुवात करावी. सहावी-सातवीतलं मूल अडखळत असेल तर त्यालाही तिथूनच, फक्त पातळीचा आकडा झाकून द्यावं, कारण मोठ्या मुलाला तो फार लागतो.

शेवटची उणीव पाचव्या आठवड्याची. निकाल लागला की वह्या बंद होतात आणि मुलं पुन्हा वाचेनाशी होतात. शाळेतली रोजची वीस मिनिटं निकालानंतरही वेळापत्रकात राहणार असतील, तरच नाव नोंदवा. तसं असेल तर आमची शिफारस निःशंक आहे. मुख्याध्यापकांकडून ती तासिका आधी लेखी घ्या, आणि मगच मुलांना स्पर्धेचं सांगा.