रोशा की जिरेनियम? गुलाबी वासाचं तेल घेण्याआधी

गुलाबाचं खरं तेल खिशाला परवडत नाही, म्हणून त्याच्या वासाच्या आसपासचं एखादं इसेन्शियल ऑइल घ्यायचं, इथपर्यंत बहुतेकांचं ठरलेलं असतं. अडतं ते पुढे. अरोमाथेरपीवर, म्हणजे सुगंधी तेलांच्या वापरावर, कुठेही वाचायला गेलं की जिरेनियम या सुवासिक पानांच्या झाडाच्या तेलाचं नाव आधी येतं. रोशा, म्हणजे पामरोसा नावाच्या सुगंधी गवताचं तेल, धुळे-नंदुरबारकडच्या माणसाला माहीत असतो, पण गुडघ्याला, कमरेला चोळायचं तेल म्हणून. ते तोंडाला लावता येतं, खोलीत दरवळवता येतं, हे सांगितलं की आधी शंकाच घेतली जाते. दोन्ही तेलं वापरून मी रोशावर स्थिरावलो आहे. तरी जिरेनियम जिथे सरस आहे तिथे ते तसं सांगतो.

वासापासून सुरुवात करू. रोशाचा वास सरळ आणि गोड: गुलाब, त्यामागे वाळल्या गवताची ऊब आणि किंचित लिंबासारखी धार. या तेलात साधारण 70 ते 85 टक्के एकटं जिरॅनिऑल हे गुलाबी वासाचं द्रव्यच असतं, त्यामुळे वासात फारशी वळणं नाहीत. जिरेनियममध्ये सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल, लिनालूल, त्यांचे एस्टर आणि पुदिन्याची झाक देणारं आयसोमेंथोन अशा सुगंधी द्रव्यांचं मिश्रण असतं. म्हणून ते उघडल्याबरोबर हिरव्या पानाचा वास येतो आणि गुलाब मागून येतो. निव्वळ अत्तर बनवायचं असेल तर जिरेनियम जास्त रंगतदार आहे, यात वाद नाही. पण मे महिन्यात जळगावला दारं-खिडक्या लावून कूलरसमोर बसलं की तीच हिरवी झाक माझ्या नाकाला जड होते. रोशा तसा होत नाही. दुसऱ्या कुणाला उलटंही वाटेल, म्हणून आधी कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून दहा मिनिटांनी, तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगून बघावं. बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊन ठरवलं तर हमखास फसगत होते.

किमतीत फरक मोठा आहे. भाव वर्षागणिक हलतात, पण जिरेनियम साधारण तीन ते पाच पट महाग पडतं. कारण उघड आहे. जिरेनियमच्या ताज्या पाल्यातून हजारात एक-दीड भाग तेल निघतं, तर रोशा फुलोऱ्यावर कापला तर चार-पाच भाग सहज. शिवाय जिरेनियमला निलगिरी, कोडाईकनालसारखी थंड हवा मानवते. आपल्याकडचं 44-45 अंशांचं ऊन आणि पाणी साचलेली काळी जमीन ही दोन्ही त्याची दुखणी आहेत. रोशा मात्र उताराच्या कोरड्या, मुरमाड जागी उन्हातच खुलतो.

आता मुख्य कुरबुर, जिच्यामुळे माझा निकाल लागला. जिरेनियमच्या बाटलीत जिरेनियम किती आहे, हे सामान्य गिऱ्हाइकाला कळत नाही. त्यात भेसळ करायला सर्वांत सोयीचं तेल रोशाच आहे, आणि हे काही आजचं नाही. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, तळोदा, अक्राणी या भागात ओढ्याकाठी भट्ट्या लावून रोशाचं तेल काढत. ते मुंबईमार्गे तांबड्या समुद्राकडे आणि पुढे इस्तंबूलला जाई. तिथून ते बल्गेरियाच्या गुलाब तेलात मिसळलं जाई, आणि युरोपच्या बाजारात त्याचं नाव चक्क ‘तुर्की जिरेनियम’ असं होतं. आज त्यात कारखान्यात बनलेल्या सिट्रोनेलॉलची भर पडली आहे. परिणाम असा की एका बाटलीचं जिरेनियम हिरवं, दुसऱ्याचं साखरेसारखं गोड, तिसऱ्याचं साबणासारखं. चेहऱ्याच्या तेलाचं एखादं प्रमाण जमलं तरी पुढच्या बाटलीला ते तसंच उतरेल याची खात्री नाही. आणि त्वचेचा प्रश्न असतो तेव्हा बाटलीत काय आहे हेच माहीत नसणं मला सर्वांत खटकतं. जिरेनियमच्या भावात अर्धा रोशाच मिळणार असेल, तर रोशा त्याच्या नावाने आणि त्याच्या भावाने घेतलेला बरा, असं मला वाटतं.

जिरेनियमच घ्यायचं असेल तर विक्रेत्याकडे त्या खेपेचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलात कुठला घटक किती टक्के आहे हे दाखवणाऱ्या तपासणीचा, तक्ता मागा. त्यात सिट्रोनेलॉल सहसा जिरॅनिऑलपेक्षा जास्त असावं आणि आयसोमेंथोन काही टक्के तरी दिसावं. जिरॅनिऑल भरमसाट आणि आयसोमेंथोन नावापुरतं असेल तर बाटली परत ठेवावी.

रोशालाही खोटेपणा चिकटलेला आहे, तो लपवत नाही. या गवताच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. गुलाबी वास मोतियाचा. सोफिया ओलसर, सावलीच्या जागी वाढतो, त्याचं तेल उग्र आणि कमी प्रतीचं असतं. कापणीत दोन्ही एकत्र आली की तेल बिघडतं. म्हणून विचारताना ‘मोतिया रोशा’ असंच विचारावं. शिवाय स्वस्त माल असूनही त्यात रॉकेल, टर्पेंटाइन, खोबरेल ढकललेलं सापडतं. कागदावर थेंब टाकून रात्रभर ठेवा: सकाळी तेलकट कडं राहिलं तर खाद्यतेल मिसळलेलं आहे. थोडं तेल फ्रिजमध्ये ठेवून गोठलं तर खोबरेलाचा संशय घ्यावा. 70 टक्के इथाइल अल्कोहोलच्या दोन-तीन पट मापात शुद्ध रोशा स्वच्छ विरघळतो. दूध फाटल्यासारखं गढूळ झालं तर रॉकेल किंवा खाद्यतेल आहे.

तेल करपट वासाचं असेल तर ते भट्टीचं पाप. गवत थेट आचेच्या पाण्यात बुडून तळाला लागलं की असं होतं. जाळीवर ठेवून वाफ दिली तर होत नाही. गंजक्या लोखंडी पिंपामुळे तेल काळपट पडतं. नुसतं धुरकट, पण करपलेलं नाही असं ताजं तेल काही आठवडे मुरू दिलं की निवळतं. तेल गढूळ दिसत असेल तर त्यात पाणी राहिलं आहे: स्थिर ठेवून वरचं तेल अलगद ओतून घ्यावं.

त्वचेसाठी प्रमाण दोन्हीचं सारखंच ठेवा. चेहऱ्यासाठी एक टक्का, म्हणजे 30 मिली करडईच्या किंवा रिफाइंड तिळाच्या तेलात 6 थेंब. अंगाला, सांध्यांना चोळायला दोन टक्के, म्हणजे 100 मिलीत 40 थेंब. घाण्याचं तिळाचं तेल सांध्यांना उत्तम, पण चेहऱ्यासाठी नको, कारण त्याचा स्वतःचा वास रोशाला दाबतो. खोबरेल घेतलं तर थंडीत आपल्याकडे ते घट्ट होणारच, म्हणून रुंद तोंडाची बाटली वापरा. प्रयोगशाळेत जिरॅनिऑल जंतूंना आणि बुरशीला रोखतं हे खरं, पण त्यावरून गजकर्णावर किंवा पिकलेल्या पुरळावर ते औषध ठरत नाही. तिथे डॉक्टर गाठावा.

एका बाबतीत जिरेनियमचं पारडं थोडं वर जातं. जिरॅनिऑलची ॲलर्जी असणारी माणसं असतात. त्वचारोगतज्ज्ञ सुगंधाच्या ॲलर्जीसाठी जी पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी चिकटवून केलेली चाचणी) करतात, तिच्यातल्या सुगंधी मिश्रणात ते असतंच. रोशात ते भरभरून असल्याने अशांना रोशा आधी टोचेल. मात्र जिरेनियमही त्यांना सुरक्षित म्हणता येत नाही. म्हणून पातळ केलेल्या तेलाचा थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून 48 तास थांबावं. तान्ह्या बाळांना आणि गरोदरपणात दोन्ही टाळावीत. पोटात तर कुणीच घेऊ नये.

बादलीत थेंब टाकून अंघोळ करण्याची पद्धत चुकीची आहे. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि तसंच्या तसं कातडीला लागून झोंबतं. हाच घोटाळा कूलरच्या टाकीत होतो. उन्हाळ्यात बरेच जण तिथे दहा-वीस थेंब ओततात, ते टाकीच्या प्लास्टिकला आणि पॅडला चिकटतात, आठवड्याभरात कुबट वास सुटतो. त्यापेक्षा कापसाच्या बोळ्यावर चार थेंब रोशा आणि एक थेंब वाळ्याचं तेल घालून तो बोळा कूलरच्या हवेच्या झोतापासून हातभर बाजूला ठेवावा. वाळ्याने रोशा धरून राहतो. जिरेनियमला वाळ्याची जोड मला तितकी जमलेली वाटत नाही. डिफ्यूझर असेल तर 100 मिली पाण्याला 4-5 थेंब, अर्धा तास, खिडकी थोडी उघडी ठेवून. घरात मांजर असेल तर हेही नको.

साठवणीत दोन्हींचे शत्रू एकच: हवा, ऊन, उष्णता. हवा लागून जुनं झालेलं तेल कातडीला जास्त चावतं. पत्र्याच्या घरात एप्रिलनंतर बाटली फळीवर ठेवूच नका, फ्रिजच्या दारात ठेवा. 10-15 मिलीच्या गडद काचेच्या बाटल्या घ्या, रबरी टोपणाचा ड्रॉपर लावून ठेवू नका, रबर फुगून चिकट होतं. रानातल्या गवताचं नवं तेल पावसाळा सरल्यावर, फुलोऱ्याची कापणी झाली की निघतं, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत खरेदी केली तर जरा मुरलेला आणि तरी ताजा माल मिळतो. बाटलीवर गाळपाचा महिना लिहिलेला नसेल तर विचारून स्वतः चिठ्ठी लावावी.