जाहिरात न करता घर विकले आणि 10,70,000 रुपये गमावले

वडिलांच्या पश्चात त्यांचा जुन्या इमारतीतला फ्लॅट विकायचे ठरले, तेव्हा सोसायटीत गवगवा होऊ नये एवढीच माझी अट होती. मध्यस्थाने नेमकी तीच उचलून धरली. "जाहिरात करायचीच नाही, माझ्याकडे खात्रीची गिऱ्हाइके आहेत," असे तो म्हणाला आणि मला ते पटले. मी बेफिकीर माणूस नाही. आयुष्यभर हिशेबाचे काम केले आहे आणि करारनाम्याचे प्रत्येक पान वाचूनच सही केली आहे. परंतु किती जणांनी घर मागितले आणि कोणी किती देऊ केले, हे सारे मला केवळ त्याच्याच तोंडून कळत होते.

सौदा 72,50,000 रुपयांना झाला. दलाली 2 टक्के, म्हणजे 1,45,000 रुपये, मी चेकने दिली. ताबा दिल्यानंतर अकराव्या दिवशी खरेदीदारांचा फोन आला की कपाटे आणि दोन्ही एसी तुम्ही काढून का नेलेत, फर्निचरचे 9,25,000 रुपये तर आम्ही वेगळे दिले होते. मध्यस्थाने त्यांना सांगितले होते की मालकांना ही रक्कम करारात नको, रोख हवी आहे. माझ्यासमोर फर्निचरचा विषयसुद्धा कधी निघाला नव्हता. म्हणजे माझ्या घरासाठी खरेदीदाराने 81,75,000 रुपये मोजले, त्यातले सव्वानऊ लाख मध्यस्थाने मधल्या मध्ये उचलले, आणि त्यावर माझ्याकडून दलालीही घेतली.

मला हे कळायला हवे होते ते दुय्यम निबंधक कार्यालयात, दस्त नोंदणीच्या दिवशी. आम्ही बाकावर बसलो असताना खरेदीदारांच्या पत्नींनी मला विचारले, "कपाटं ठरल्याप्रमाणे राहतील ना?" मी "काय ठरलंय?" असे विचारणार, तेवढ्यात मध्यस्थाने माझ्या कोपराला धरून मला उठवले. "साहेब, आपला नंबर आला." नंबर आला नव्हता. त्यानंतर वीस मिनिटे आम्ही खिडकीपाशी नुसते उभे होतो, आणि परत जाऊन त्या बाईंना उत्तर द्यावे हे मला सुचले नाही. त्या वीस मिनिटांचा राग माझ्या मनातून अजून जात नाही. दोन महिन्यांच्या व्यवहारात त्याने आम्हाला एकदाही एकटे बोलू दिले नव्हते. खरेदीदाराशी मध्यस्थाशिवाय एकदा तरी बोला, आणि तो ते टाळू लागला तर सौदा तिथेच थांबवा.

पोलीस ठाण्यात मी चार वेळा गेलो. चारही वेळा "हा दिवाणी वाद आहे, वकील गाठा" एवढेच ऐकले. तिसऱ्या खेपेला तर अर्जाची पोचही देण्यास नकार मिळाला आणि "एवढे शिकलेले असून फसता कसे?" असे सर्वांदेखत विचारण्यात आले. भारतीय न्याय संहितेचे कलम 318 फसवणुकीचेच आहे. मग खोटे सांगून सव्वानऊ लाख उकळणे दिवाणी कसे ठरते? रेरा म्हणजे घरबांधणी आणि घरविक्रीचे नियमन करणाऱ्या कायद्याचा आधार शोधला, तर त्यातली एजंटांची सक्तीची नोंदणी विकासकाकडून होणाऱ्या नोंदणीकृत प्रकल्पातल्या विक्रीपुरतीच आहे. जुन्या घराची पुनर्विक्री त्यात बसतच नाही. नोंदणी कार्यालयात उत्तर मिळाले की दस्तात लिहिलेला मोबदला आम्ही पाहतो, बाहेर काय दिले-घेतले ते नाही. ज्याच्या त्याच्याकडे दुसऱ्याचे दार दाखवायला वेळ होता, कागद हातात घेऊन वाचायला कोणालाच नव्हता.

आपल्या इमारतीतल्या अलीकडच्या विक्रीचे इंडेक्स दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचे सरकारी गोषवारे, आधी काढून पाहा. त्यात मोबदला आणि बाजारमूल्य दोन्ही असतात. मी ते पाहिले ते सही झाल्यानंतर. घरात काय राहणार आणि काय जाणार याची यादी किमतीसह करारालाच जोडा. "हे कागदावर नको" असे कोणी म्हटले, तर ती रक्कम कोणाच्या खिशात जाणार हे तिथल्या तिथे, सर्वांसमोर विचारा.

खरेदीदार सज्जन आहेत, पण लेखी जबाब द्यायला धजत नाहीत, कारण रोख दिल्याची कबुली त्यांनाच अडचणीत आणील. ठाण्यात नोंद होत नसेल तर तक्रार पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवता येते, हे मला वकिलांकडून समजले. त्याप्रमाणे मी ती रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली आहे. पोहोच आली आहे, उत्तर आलेले नाही.