55 इंचांचे पैसे घेतले, घरी 50 इंचांचा टीव्ही पाठवला

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, जुन्या 32 इंची टीव्हीवर बातम्यांची खालची पट्टी वाचता येईना. त्यामुळे 30,000 रुपयांच्या आत 55 इंची 4के टीव्ही घ्यायचे आम्ही ठरवले. घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या घरात सोफ्यापासून भिंत साडेसात फुटांवर आहे आणि तेवढ्या अंतराला हा आकार योग्य आहे, याची मी आधी चौकशी केली होती. मी डोळे मिटून खरेदीला गेले नव्हते.

ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात ‘स्टॉक क्लिअरन्स’चा फलक होता. भिंतीवरच्या नमुन्याच्या टीव्हीचे चित्र खरोखर सुरेख होते. मात्र तो पेन ड्राइव्हवरचा तयार व्हिडिओ होता, हे मला नंतर उमगले. केबल लावून बातम्या दाखवा, असे तिथेच ठणकावून सांगायला हवे होते. इतकी कमी किंमत कशी, असे विचारले तेव्हा मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, असे दुकानदाराने सांगितले. ती बातमी खरी असल्यामुळे मी निःशंक झाले. पक्के बिल हवे असेल तर त्यावर 4,770 रुपये जास्त पडतील, असे तोच माणूस पुढच्या वाक्यात म्हणाला, आणि महिन्याचा हिशेब सांभाळणाऱ्या कोणत्याही बाईने केले असते तेच मी केले: पक्के बिल नको म्हटले. टीव्हीचे 26,500, जादा वॉरंटीचे 1,800 आणि ब्रॅकेटसह फिटिंगचे 700, असे एकूण 29,000 रुपये मी यूपीआयने भरले. पैसे दुकानाच्या नव्हे, एका व्यक्तीच्या नावावर गेले. मोबाइलवर ते नाव दिसत असतानाही मी पिन टाकला.

त्याहून जिव्हारी लागते ती खोक्याची गोष्ट. टेम्पोवाल्याने खोके दारात टेकवले, तेव्हा त्यावरच्या ‘55’ या मोठ्या लाल स्टिकरची एक कड सुटली होती आणि तिच्याखाली छापलेले ‘126 सेंमी’ मी स्वतः वाचले. पडद्याचा आकार एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत मोजतात आणि एक इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर. 55 इंचांना सुमारे 140 सेंटिमीटर भरायला हवेत. 126 म्हणजे जेमतेम 50 इंच. घरात शिवणकामाची टेप होती आणि भागाकार मोबाइलवर झाला असता. पण अण्णा खुर्ची घेऊन आधीच समोर येऊन बसले होते, टेम्पोवाला सहीसाठी घाई करत होता, आणि मी सही केली.

टीव्ही भिंतीवर लागल्यावर सुताराने 55 इंचांसाठी सोडलेल्या जागेत दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी फट राहिली. त्यानंतर आलेल्या मेकॅनिकने सांगितले की पॅनल, म्हणजे पडदा, 1366 × 768 ठिपक्यांचा आहे. खोक्यावर ‘4के सपोर्ट’ लिहिले होते, त्याचा अर्थ एवढाच की टीव्ही 4के सिग्नल स्वीकारतो. पडदा 4के नाही. 4के पडदा 3840 × 2160 चा असतो आणि हा आकडा ‘रिझोल्यूशन’ या शब्दासमोरच छापलेला असला पाहिजे.

मी तक्रार घेऊन गेले, तेव्हा दुकानदाराने बिलाऐवजी दिलेली चिठ्ठी पुढे केली. तिच्यावर ‘एलईडी टीव्ही, 1 नग’ एवढेच लिहिले होते. आकार नाही, मॉडेल नाही, जीएसटी क्रमांकही नाही. पोलीस चौकीत पाऊण तास बसवून ठेवल्यावर ‘हा दिवाणी मामला आहे’ असे ऐकवले. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी गेले, तर दुकानात उभे राहून तुम्हीच पैसे दिले, मग ही ऑनलाइन फसवणूक कशी, असा उलट प्रश्न आला. एका सरकारी कार्यालयात मी सुटलेल्या स्टिकरचा फोटो दाखवला, तेव्हा साहेबांनी तो न बघताच ‘पक्के बिल का घेतले नाही?’ असे विचारले. चार दिवसांच्या रजा गेल्या, तरी त्या दुकानात जाऊन एक खोके तपासावे असे एकालाही वाटले नाही. गुन्हा जणू मीच केला होता!

पक्क्या बिलावर आकार, मॉडेल क्रमांक आणि रिझोल्यूशन लिहून घ्या. खोके उघडताना व्हिडिओ काढा आणि पडदा मोजल्याशिवाय सही करू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. यूपीआयची नोंद, खोक्याचे फोटो आणि मेकॅनिकचे लेखी म्हणणे जोडून मी माझी तक्रार तिथे दाखल केली आहे. गेल्या शनिवारी त्या दुकानावरून गेले, तेव्हा बाहेर तसेच लाल स्टिकर लावलेली सहा खोकी रचलेली होती आणि एक जोडपे आत भाव विचारत होते. मी आत जाऊन त्यांना सेंटिमीटरचा आकडा वाचायला सांगितला.