सराफ बाजारातलं 10एक्स (दहा पट मोठं दाखवणारं) भिंग, शेवाळ बघायला घेतलं: 4 स्टार

जळगावच्या सराफ बाजारात सोनाराची हत्यारं मिळतात त्या गल्लीतून घेतलं, 280 रुपयाला. दुकानदार म्हणे काय भाऊ, खडे पारखता का? म्हटलं नाही, गच्चीवरचं शेवाळ बघायचंय. दोन मिनिटं माझ्याकडेच बघत राहिला.

आधी ऑनलाइन 40एक्स लिहिलेलं मागवलं होतं, नाव घेत नाही, सगळं धुरकट आणि कडेला इंद्रधनुष्य. हे इवलंसं आहे पण कडेपर्यंत क्लिअर. फक्त धरायची पद्धत शिका, बरेच जण हात लांब धरतात आणि म्हणतात काही दिसत नाही. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि वस्तू जवळ आणायची, साधारण अडीच सेंटीमीटरवर फोकस येतो.

आता मुद्द्याचं. कठड्यावर पांढरट हिरवं काहीतरी होतं, मला वाटायचं चुना उडालाय. भिंगातून बघितलं तर एकेक काडी म्हणजे बारीक गोफच, पानं एकावर एक घट्ट बसलेली आणि शेंडे चंदेरी. पानाच्या वरच्या भागातल्या पेशींत हरितद्रव्य नसतं म्हणून ती चमक. या शेवाळाचं शास्त्रीय नाव ब्रायम अर्जेंटियम, अर्जेंटियम म्हणजे चांदीचं! सराफाकडच्या भिंगाने पहिल्याच दिवशी चांदी दाखवली, पैसे तिथेच वसूल.

या नावाची अजून एक गंमत, सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने ते 1753 लाच ठेवलं होतं, पण मॉसच्या, म्हणजे अशा शेवाळांच्या, नावांचा हिशोब 1 जानेवारी 1801 पासून धरतात (स्फॅग्नम या दलदलीतल्या मॉसचा गट सोडून), म्हणजे हेडविग या शास्त्रज्ञाच्या मॉसवरच्या पुस्तकापासून, म्हणून शास्त्रीय नावापुढे हेडविगचं नाव लागतं. नाव ठेवलं एकाने आणि पावती फाटली दुसऱ्याच्या नावाने. बरं तो हेडविग 1799 लाच वारलेला, पुस्तक मागून छापलं. पेशाने डॉक्टर होता, मायक्रोस्कोप लावून मॉसच्या बोंडाच्या (बीजाणूंच्या डबीच्या) तोंडावरचे दात बघायचा आणि त्यावरून गट पाडायचा.

ते दात बघायला मी शेतात चूल पेटवायचो त्या राखेच्या जागी गेलो, तिथे फ्युनारिया नावाचा दुसरा मॉस आलेला, शाळेच्या पुस्तकातला तोच. त्याला दातांच्या दोन ओळी असतात, सोळा-सोळा. 10एक्सने टोकं दिसली, मोजता काही आली नाहीत. त्याला 20एक्स घ्या, पण मग वस्तू अजून जवळ धरावी लागते आणि हात हलला की गेलं.

आणि हेही सांगतो, ब्रायमच्या बाकीच्या भावकीत कोण कोण आहे ते भिंगाने कळत नाही, पानाच्या पेशी बघायला कॉलेजचा मायक्रोस्कोपच लागतो. अर्जेंटियम चंदेरी आहे म्हणून सुटला.

एक स्टार कापला कारण बिजागरीचा स्क्रू आठ दिवसात ढिला झाला आणि दोरी ओवायला भोक नाही. मोबाईल लावून फोटो काढायच्या भानगडीत पडू नका.

आई गच्ची घासायला ब्रश घेऊन आली, म्हणे काय करी ऱ्हायना रे तू? तिलाही दाखवलं. कठड्याचा तेवढा कोपरा घासायचा ठेवलाय.