झेनचा हीटर काढला त्याला दहा महिने झाले

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या १९९८ च्या मारुती झेनमधला हीटर मुळासकट काढला. कॉइल, तिची प्लास्टिकची पेटी, केबली, इंजिनाकडून येणाऱ्या दोन्ही नळ्या, सगळं. आता फेब्रुवारी चाललाय. उन्हाळा, पावसाळा, थंडी एकेकदा अंगावरून गेलेत, म्हणून आता लिहितोय. काढायच्या आधी मी याबद्दल जे काही वाचलं होतं ते सगळं लोकांनी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळेच खूश असतात.

आधी गाडीबद्दल. इंजिन ९९३ सीसीचं, चार सिलिंडर, अ‍ॅल्युमिनियमचं, कार्बोरेटरवालं. नवी असताना कागदावर ताकद ५० बीएचपी, आज किती उरलेत देव जाणे. एसी आधीच्या मालकानेच काढून टाकला होता. मी मागचं सीट काढलं, कडक स्प्रिंग घातल्या, पुढे बकेट सीट, मागे मोकळा सायलेन्सर. महिन्यातून एखाद्या रविवारी मैदानावर शंकू मांडून घड्याळाशी शर्यत लावायची आणि एकदा आईकडे साताऱ्याला जायचं, एवढाच तिचा वापर. एकाच गाडीकडून ही दोन्ही कामं करून घ्यायची, इथेच खरं तर घोळ आहे.

हीटरला हात लावायचं कारण वजन नव्हतं. मार्चमध्ये गाडीत गोडसर वास यायला लागला, कुणीतरी आत गूळ वितळवतंय असा. मग समोरच्या काचेवर आतून तेलकट थर. पुसला की जायचा नाही, नुसता पसरायचा. नंतर एक दिवस डाव्या बाजूचं कार्पेट ओलं लागलं. बोट लावलं तर चिकट. मिस्त्रीने वाकून वास घेतला आणि म्हणाला, "साहेब, हीटर कॉइल गेली. आतून कूलंट टपकतंय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हीटर कॉइल म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनातलं गरम पाणी, म्हणजेच कूलंट, एका नळीने आत येतं, कॉइलमधून फिरून दुसऱ्या नळीने परत जातं, आणि ब्लोअरची हवा तिच्यावरून गेली की गरम होते. वेगळं इंधन नाही, काही नाही. इंजिनाची वाया जाणारी उष्णता तेवढी वापरायची.

नवी कॉइल दुकानात मिळेना. मिस्त्रीचा सल्ला सरळ होता: बॉनेटखाली दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाकू, दहा मिनिटांचं काम, कॉइल आत पडून राहू दे. मी म्हटलं, पडून का राहू दे? पुण्यात हीटर लागतो कुणाला? काढायचीच तर पेटीसकट काढू, गाडी हलकी होईल. तो काही बोलला नाही. गिऱ्हाइकाला हौस असली की मिस्त्री बोलत नाहीत.

काम सात तास चाललं. डॅशबोर्ड पूर्ण बाहेर. स्टिअरिंगचा दांडा खाली सोडायचा, मीटरची केबल काढायची, आणि स्क्रू तर इतके की मोजणं सोडून दिलं. आत उंदराने आणलेला कापूस निघाला, वाळकी पानं, आणि पन्नास पैशाचं एक नाणं. नळ्या सोडल्यावर जे कूलंट निघालं ते मी पसरट टपात धरलं होतं. गॅरेजचं कुत्रं लगेच शेपटी हलवत आलं. हे लक्षात ठेवा: कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि जनावराला थोडंसंही जीवघेणं ठरतं. टप आधी झाका, मग चहाला जा.

संध्याकाळी डॅशबोर्ड परत बसला तेव्हा तीन स्क्रू उरले होते. मिस्त्री म्हणाला, कंपनी जादाच देते.

काढलेला सगळा संसार आणि टपातलं कूलंट शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवलं. पाच किलो चारशे ग्रॅम. साडेसातशे किलोच्या आसपासच्या गाडीतून पाच किलो! दिवाळीनंतर माझंच वजन याहून जास्त वाढलं होतं. घड्याळावर फरक शोधायचा खूप प्रयत्न केला, मिळाला नाही. पाऊण टक्का वजन गेल्याने वेळ सुधारली असं कुणी सांगत असेल तर त्याचा तो दिवस चांगला असेल एवढंच.

पहिले तीन आठवडे मात्र मजेत गेले. वास गेला, काच स्वच्छ, कार्पेट कोरडं, डॅशबोर्डखाली हात घालायला ऐसपैस जागा. इंजिनामागच्या पत्र्यात नळ्यांची जी दोन भोकं उरली होती त्यावर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी रिव्हेट केली आणि कडेने सीलंट फिरवला. ही भोकं नुसत्या बुचावर सोडू नका. इंजिनाकडचा धूर, पाणी, उद्या आग लागली तर तीही, तिथूनच आत येणार.

मेमध्ये साताऱ्याला निघालो. खंबाटकी घाट, दुपारचे दोन, पुढे उसाचा ट्रॅक्टर नव्हे पण त्याच वेगाचा कंटेनर. दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना पाहतो तर तापमानाचा काटा वर चढतोय. अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनात हे बघणं म्हणजे पोटात गोळा. एकदा हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, वाकलं की वजन वाचवल्याचा सगळा हिशेब उलटा. सवयीने माझा हात डॅशबोर्डकडे गेला. बाबांनी मला गाडी शिकवताना सांगितलं होतं, घाटात गाडी तापली तर काचा खाली घे आणि हीटर पूर्ण सोड, इंजिनाची गरमी आत येईल, घामाघूम होशील पण गाडी वर पोचेल. हात जिथे गेला तिथे आता फक्त रिकामी सरकपट्टी होती. बाजूला घेतली, बॉनेट उघडून अर्धा तास थांबलो.

कारण दोन निघाले. एक, हीटर काढल्यावर इंजिनाची दोन्ही तोंडं जोडायला गॅरेजमध्ये सरळ नळी वाकवून वळवली होती आणि ती वळणावर चिमटली होती, पाण्याच्या पाइपला पाय दिल्यासारखी. दोन, पाण्याच्या रस्त्यात हवा अडकली होती. सरळ नळी कधीच इतकी वाकवू नका, मूळ आकारातच यू असलेली नळी घ्या. हवा काढायला गाडीचं नाक चढावर करायचं, इंजिन पूर्ण गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडायचं, मग चालू करून बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरत राहायचं. घाईत केलं की हमखास राहतं.

"जोडायच्या कशाला, दोन्ही तोंडांना बूच मारा की" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मी मारलं नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरचा रस्ता मोकळा करणारी झडप, उघडेपर्यंत इंजिनातलं पाणी आतल्या आत फिरत राहावं लागतं, आणि बऱ्याच इंजिनांत त्या फिरण्याचा एक रस्ता हीटरच्याच नळीतून जातो. तो बंद केला तर एखादा कोपरा आधीच तापतो आणि थर्मोस्टॅटला पत्ताही नसतो.

पण नळ्या थेट जोडल्या की दुसरी गंमत होते, आणि ही मला कुणी सांगितली नव्हती. कॉइल होती तेव्हा तिच्या बारीक नळ्यांतून पाणी अडखळत जायचं आणि थोडी उष्णताही टाकून यायचं. आता तेच गरम पाणी मोकळ्या नळीतून सुसाट परत पंपात, रेडिएटरचं तोंडही न बघता. मी डिजिटल तापमापक बसवून घेतला. पसरणी घाटात, वाईहून पाचगणीला चढताना, दुसऱ्या गिअरमध्ये ९७ अंश. मग लेथवाल्याकडून पितळेची एक चकती करून घेतली, मध्ये ८ मिमीचं भोक, आणि ती जोडनळीत बसवली. तोच घाट, जवळजवळ तसंच ऊन, ९२. चकतीला लेथवाल्याने चाळीस रुपये घेतले. सगळ्या उपद्व्यापात पैसा वसूल झाला असं म्हणता येईल ती एवढी एकच वस्तू.

आता पावसाळा. खरं तर हे सगळं लिहायला बसलो ते जुलैमधल्या एका दिवसामुळे.

मी आणि एक मित्र, ताम्हिणीत. धबधब्याखाली मनसोक्त भिजून गाडीत बसलो, काचा वर, बाहेर धो धो. दोन मिनिटं झाली नसतील, समोरची काच दुधाळ झाली. पंचाने पुसली. पुसून हात खाली येईपर्यंत परत तशीच. समोरून एसटी येत होती, तिचे दिवे म्हणजे दोन पिवळे ठिपके, तेही नक्की कुठल्या बाजूला आहेत कळेना. काच खाली केली तर पाऊस थेट मांडीवर. शेवटी मित्र एका हाताने सतत पुसत राहिला आणि मी मान बाहेर काढून पहिल्या गिअरमध्ये टपरीपर्यंत आलो. तिथे चहा घेताना कळलं की इतकी वर्षं पावसात मी ब्लोअरची कळ काचेकडे करून तापमानाची पट्टी अर्धी सरकवत होतो, आणि तो हीटर आहे हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. "पुण्यात हीटर लागतो कुणाला" म्हणणारा मी दर जूनला तोच वापरत होतो.

गणित सोपं आहे. बाहेरच्या पावसाने काच गार, आत दोन ओली माणसं आणि त्यांचे श्वास. हवेतली वाफ गार काचेवर थेंब होऊन बसते. हीटर काच उबदार ठेवतो आणि गरम हवेत वाफ जास्त मावते. एसी दुसऱ्या बाजूने तेच काम करतो, हवेतलं पाणी आपल्या कॉइलवर उतरवून घेतो. म्हणून एसी चालू असलेल्या गाडीत हीटरच्या कॉइलवाचून निभतं. फार गार हवा काचेवर मारली तर बाहेरून धुकं धरतं, ते वायपर काढतो. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. वर मी पेटीही काढलेली, आणि काचेकडे, तोंडाकडे, पायाकडे हवा वाटायचं काम ती पेटीच करते. म्हणजे ब्लोअर फिरत होता, हवा डॅशबोर्डच्या पोटात कुठेतरी जिरत होती.

त्यानंतर सगळे उपाय केले. दाढीचा फेस काचेवर चोळून कोरड्या कापडाने काढणे: चालतो, एखादा दिवस. कापलेला बटाटा: काचेवर ओघळ राहतात, शिवाय रात्री समोरच्या दिव्यात तारे दिसतात. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा १५० वॅटचा हीटर मागवला. १२ व्होल्टवर तो साडेबारा अँपिअर खातो आणि त्याच्या बदल्यात तळहाताएवढी जागा साफ करतो. गरम इंजिनाची कॉइल किलोवॅटच्या हिशेबात उष्णता देते, तिच्यासमोर हे खेळणं. आठवड्यात परत केला.

ऑगस्टमध्ये पेटी परत बसवली, कॉइलशिवाय. डॅशबोर्ड पुन्हा बाहेर, पुन्हा मजुरी. नुसती बाहेरची हवा काचेवर यायला लागली तरी निम्मा त्रास गेला. एकटा असलो आणि कपडे कोरडे असले तर काम भागतं. सोबत कुणी भिजलेलं असलं तर डावी काच दोन बोटं उघडी ठेवायची आणि मांडीवर टॉवेल.

थंडीचं म्हणाल तर पुण्यात काही अडलं नाही. निफाडचा मावसभाऊ हसला होता, "आमच्याकडे ये एकदा डिसेंबरात." तिकडे गेलो नाही, पण जानेवारीत पहाटे साडेपाचला महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ होतो. गाडीच्या टपावर दव गोठून पांढरं झालेलं, दाराचं हँडल बोटाला चावत होतं. इंजिन चालू करून दहा मिनिटं बसलो. तापमापकावर ८४ अंश, बॉनेटवर हात ठेवला की ऊब, आणि आत बायको शालीत गुरफटून माझ्याकडे बघतेय. ती काही बोलली नाही. मिस्त्रीसारखीच.

कुणी विचारलं तर माझं म्हणणं असं आहे. गाडी फक्त मैदानावर जात असेल, ट्रेलरवरून जात असेल, तर खुशाल काढा. कॉइल गळत असेल आणि पार्ट मिळत नसेल तर बॉनेटखाली नळ्या जोडा, चकती टाका, पेटीला हात लावू नका. आणि एसी नसलेल्या गाडीने पावसाळ्यात घाट करायचे असतील तर कॉइल शोधा, वेळ लागला तरी.

मला सापडली. जुन्या बाजारात, चौथ्या रविवारी, एका पोत्याखाली. घरी आणून एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून सायकलच्या पंपाने हवा मारली आणि बादलीत बुडवून ठेवली. पंधरा मिनिटांत एक बुडबुडा नाही. मिस्त्रीने पुढच्या शनिवारची वेळ दिलीय. ते तीन स्क्रू एका डबीत ठेवलेत, या वेळी तरी त्यांची जागा सापडते का बघतो.