दाजीपूरच्या जंगलालगतचा हिवाळी मुक्काम : सोयी मोजक्या, जंगल भरपूर

हिवाळ्यात सहकुटुंब कुठे जावे, या प्रश्नाला आमच्या पुण्यातल्या घरी महाबळेश्वर किंवा कोकणचा किनारा अशी दोनच उत्तरे ठरलेली असतात, आणि नाताळच्या सुट्टीत या दोन्ही ठिकाणी कोथरूड-सिंहगड रस्त्यावरचीच मंडळी पुन्हा भेटतात हेही ठरलेले असते. म्हणून यंदा सासू-सासरे, दीर-जाऊ आणि शाळकरी मुले असा सगळा परिवार घेऊन आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी अभयारण्याच्या कडेला, दाजीपूर परिसरातील एका वननिवासात मुक्काम केला. निवासाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बऱ्याचशा गोष्टी जंगलालगतच्या कोणत्याही साध्या निवासात विचारून घ्याव्यात अशाच आहेत. जंगल जवळून आणि शांतपणे पाहण्यासाठी ही जागा उत्तम आहे. आराम मात्र येथे विक्रीला नाही, आणि व्यवस्थापनाने हे आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट सांगितले तर पाहुण्यांचा आणि त्यांचा स्वतःचाही बराच मनस्ताप टळेल.

प्रवासाबद्दल थोडक्यात सांगते. पुण्याहून कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर आहे. वाटेत खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार टोलनाके लागतात. कोल्हापूरहून राधानगरीमार्गे फोंडा घाटाच्या दिशेने जाणारा रस्ता दाजीपूरला पोहोचवतो. डिसेंबर हा साखर कारखान्यांच्या गळीत हंगामाचा काळ असल्यामुळे या शेवटच्या टप्प्यात उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या सतत समोर येतात, त्यांतल्या कित्येकांना मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसते, आणि अरुंद वळणांवर त्यांना ओलांडण्याची घाई करण्यात काहीच शहाणपण नाही. अंधार पडण्याच्या आत मुक्कामी पोहोचता येईल अशा बेताने पुणे सोडावे.

निवासाची इमारत जांभ्या दगडाची असून वर मंगलोरी कौले आहेत, आणि जेवणघराच्या दोन भिंती कारवीच्या काठ्यांचा कूड घालून, मातीने लिंपून घेतलेल्या आहेत. या भागात पूर्वी घरे अशीच बांधली जात, त्यामुळे हा देखावा पाहुण्यांसाठी उभा केलेला वाटत नाही. खोल्या मोठ्या, स्वच्छ आणि जवळजवळ रिकाम्या आहेत: पलंग, एक लाकडी टेबल, भिंतीत खुंट्या. दूरचित्रवाणी संच नाही, याची तक्रार मुलांनी पहिल्या संध्याकाळी केली आणि नंतर त्यांना आठवणही झाली नाही. खिडक्यांना जाड जाळ्या आहेत व त्या उघड्या ठेवू नयेत अशी सूचना दारावरच लिहिलेली आहे. आवारातील वानरांना पिशवीतला खाऊ नेमका कोणत्या खोलीत आहे हे आपल्या आधी कळते.

थंडीचा विचार मात्र निवासाने पुरेसा केलेला नाही. कौलांच्या फटींतून रात्रीचा गारठा सरळ खाली उतरतो, आणि प्रत्येक पलंगावर ठेवलेले एकेक पातळ पांघरूण पहाटेच्या वेळी अगदीच अपुरे पडते. मागितल्यावर घोंगड्या मिळाल्या, त्याही चांगल्या जाड आणि उबदार. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाने मध्यरात्री उठून घोंगडी मागायला जावे अशी अपेक्षा कोणत्याही निवासाने ठेवू नये, आणि डिसेंबर-जानेवारीत ती आधीपासूनच पलंगावर असायला हवी. खोलीत विजेची शेगडी लावण्याची परवानगी नाही. वीजपुरवठ्याचा भरवसा आणि जुन्या वायरिंगची अवस्था पाहता हा नियम मला योग्यच वाटला.

गरम पाण्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. छपरावर सौर बंब बसवलेला आहे. परंतु निवासाच्या तिन्ही बाजूंना जांभूळ, हिरडा आणि अंजनीची दाट झाडे असल्याने हिवाळ्यातले तिरपे ऊन त्याच्यापर्यंत पोहोचते तेव्हा दुपार उलटून गेलेली असते. परिणामी सकाळी नळाला येते ते कोमट म्हणण्याच्याही लायकीचे नसते. यावर कर्मचाऱ्यांनी काढलेला उपाय जुना आणि खात्रीचा आहे: मागच्या अंगणात दोन मोठे तांब्याचे बंब पेटवलेले असतात आणि सात ते नऊ या वेळेत प्रत्येक खोलीला बादल्या पोहोचवल्या जातात. पाणी कडकडीत असते. तक्रार आहे ती वेळेबद्दल. जंगलफेरीसाठी पहाटे निघणाऱ्यांना आंघोळीविना निघावे लागते आणि परत येईपर्यंत बंब विझलेले असतात. सासऱ्यांनी आदल्या रात्री स्वयंपाकघरात जाऊन शब्द टाकला, तेव्हा आमच्यासाठी बंब तासभर उशिरापर्यंत पेटता राहिला. असे गोड बोलून मिळणारे पाणी वेळापत्रकातच असते तर अधिक बरे.

जेवणाबाबत मात्र बोट ठेवायला जागा नाही. येथे छापील यादी नसते. सकाळीच विचारतात आणि तेवढेच शिजवतात. नाचणीची व तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, लसणीचा खर्डा, घट्ट दही आणि जवळच्याच आजरा तालुक्यातील घनसाळ तांदळाचा भात हे साधे जेवण आम्हाला सगळ्यांत जास्त आवडले. भाताचा वास ताट समोर येण्याआधी येतो. मांसाहारी जेवणात तांबडा आणि पांढरा असे दोन्ही रस्से होते. कोल्हापूर शहरात पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसाठी वाढला जाणारा तांबडा रस्सा हल्ली तिखटाच्या स्पर्धेत उतरल्यासारखा असतो, तसा हा नव्हता. खोबरे आणि कांदा नीट भाजल्याची चव त्यात कळत होती. मुलांनी नारळाच्या दुधातला पांढरा रस्सा वाट्यावाट्यांनी प्यायला, आणि एरवी पानात भाजी टाकणाऱ्या पुतण्याने पिठले मागून घेतले. रात्रीचे जेवण आठलाच वाढतात. उशिरा जेवणाऱ्यांनी तयारी ठेवावी.

आता ज्यासाठी येथे यायचे त्या जंगलाविषयी. दाजीपूरचे वन पूर्वी कोल्हापूर संस्थानाचे शिकारीचे रान होते. १९५८ साली ते गव्यांसाठी राखले गेले आणि राज्यातील सर्वांत जुन्या अभयारण्यांत त्याची गणना होते. आज राधानगरी अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे, आणि २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात महाराष्ट्रातील कास, कोयना व चांदोलीबरोबर राधानगरीचाही समावेश झाला. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असते. हिवाळ्यात रस्ते कोरडे, हवा स्वच्छ आणि पाणवठ्यांवर जनावरे दिसण्याची शक्यता बरी, असा हा काळ असतो. तरीही वाघ पाहण्याच्या हट्टाने येणाऱ्यांनी ताडोबाचा रस्ता धरावा. सह्याद्रीतील हे दाट, निमसदाहरित रान प्राण्यांना सहजी उघडे पडू देत नाही.

फेरीसाठी निवासाने स्थानिक जीप आणि वाटाड्या यांची व्यवस्था करून दिली. कच्चा रस्ता खडबडीत आहे, आपली शहरी मोटार तेथे नेण्याचा विचार करू नये, आणि पाठदुखी असणाऱ्यांनी पुढची जागा मागून घ्यावी. वाट आधी गर्द सावलीतून जाते आणि मग अचानक सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, बाहेर पडते. पावसाळ्यात फुलांनी झाकला जाणारा सावराई सडा डिसेंबरात सोनेरी वाळक्या गवताचा असतो, आणि त्याच्या कडेवरून कोकणाच्या बाजूला उतरत गेलेल्या डोंगरसोंडा दिसतात. शेकरू आम्हाला फेरीत दिसलेच, शिवाय निवासाच्या आवारातही दिसले. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो, त्यामुळे सासूबाईंनी व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून, मान वर करून, जे पाहिले ते आमच्या जीपमधल्या दर्शनापेक्षा कितीतरी निवांत होते.

गवे दिसले ते परतीच्या वाटेवर, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात. वाटाड्याने हात वर केला, जीप थांबली, इंजिन बंद झाले आणि कोणीही काही बोलायचे नाही असे त्याने डोळ्यांनीच सांगितले. कळपात माद्या व वासरे होती आणि थोडा मागे एक प्रचंड नर, काळाभोर, गुडघ्याखाली पाय पांढरे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन आठशे किलोंच्या पुढे जाऊ शकते, हे वाचून माहीत असले तरी ते समोर उभे राहिल्यावरच खरे वाटते. आमच्या मुलांना गवा माहीत होता तो वेगळ्या कारणाने. डिसेंबर २०२० मध्ये कोथरूडच्या महात्मा सोसायटीत एक गवा शिरला होता. माणसांच्या गर्दीने आणि धावपळीने थकलेला तो प्राणी पकडल्यानंतर मरण पावला, आणि घरोघरी त्याची चर्चा बरेच दिवस चालली होती. तोच प्राणी येथे आपल्या चालीने रस्ता ओलांडून, आमच्याकडे एकदा रोखून पाहून, कारवीच्या वाळलेल्या दांड्यांमध्ये शिरला. मोबाइल पुढे करून जीपमधून उतरू पाहणाऱ्या माझ्या दिरांना वाटाड्याने ज्या शांतपणे पण ठामपणे खाली बसवले, त्या एका कृतीसाठी मी या निवासाला दोन गुण जास्त देईन.

हीच शिस्त निवासाच्या आवारात मात्र रात्री सैल पडते. जेवणानंतर अंगणात शेकोटी लावतात. शेकोटी मोकळ्या जागी, दगडांच्या गोलात आणि शेजारी पाण्याचे पिंप ठेवून लावलेली होती, त्यामुळे वाळक्या पाल्याच्या दिवसांत घ्यावी ती काळजी घेतलेली दिसली. अडचण होती ती दुसऱ्या एका गटाने आणलेल्या स्पीकरची. दहा वाजता कर्मचाऱ्याने तो बंद करायला लावला खरा. पण जंगलाच्या हद्दीपासून हाकेच्या अंतरावर तो मुळात सुरूच का होऊ द्यावा, हा प्रश्न उरतोच. नियम असा तोंडी ठेवला की तो प्रत्येक गटागणिक बदलतो. आवाज थांबल्यावर अर्ध्या तासाने समोरच्या उतारावरून सांबराची साद ऐकू आली, आणि तोपर्यंत मुले झोपी गेली होती.

ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी आवर्जून सांगते. खोल्यांपासून जेवणघरापर्यंतच्या जांभ्याच्या पायऱ्या उंचसखल आहेत, त्यांना कठडा नाही आणि दवामुळे सकाळी त्या निसरड्या होतात. त्यामुळे खालच्या ओळीतली खोली आग्रहाने मागून घ्यावी. पाश्चात्य पद्धतीचा कमोड सगळ्या खोल्यांत नाही, तेही आधीच विचारावे. औषधे पुरेशी बरोबर असावीत, कारण मोठ्या उपचारांसाठी कोल्हापूरच गाठावे लागते. अंधार पडल्यावर आवाराबाहेर पाय ठेवू नये, ही सूचना निवासात प्रत्येकाला दिली जाते. बिबट्या आणि अस्वल या रानात आहेत, तेव्हा तिचे पालन करावे.

भाडे जेवणासह माणशी, रात्रीला साधारण दोन हजार रुपये पडले, जीपचे वेगळे. महाबळेश्वरच्या हंगामी दरांशी तुलना केली तर हे स्वस्त आहे. आरक्षणाची अर्धी रक्कम आधी भरावी लागते. उरलेली तेथे द्यायची असते आणि मोबाइलला बहुतेक वेळ रेंज नसल्याने यूपीआय चालत नाही, म्हणून रोख रक्कम कोल्हापुरातच काढून ठेवावी. घरून काम करता येईल का, अशी विचारणा करणाऱ्या एका पाहुण्याला व्यवस्थापकांनी सरळ नाही म्हणून सांगितले, हे मला आवडले. पाण्याच्या वेळा आणि पायऱ्यांबद्दलही त्यांनी आरक्षणाच्या फोनवर इतकेच सरळ बोलावे.

निघण्याच्या दिवशी थोडा वेळ हाताशी असेल तर राधानगरी धरण पाहून पुढे जावे. विसाव्या शतकाच्या आरंभी राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर त्याचे काम सुरू करवले आणि पावसाळ्यात त्याचे सात स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी दरवर्षी येते; हिवाळ्यात ते बंद असतात, पण भरलेला जलाशय आणि त्यामागचे रान पाहण्यासारखे असते. पुढे कोल्हापूरकडे येताना रस्त्यालगत गुऱ्हाळे चालू असतात. तेथे ताजी काकवी आणि कोमट गूळ घ्यावा, मात्र काकवीसाठी घरूनच झाकणाची बरणी न्यावी, कारण तेथे मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या खंबाटकी घाटापर्यंत टिकत नाहीत.